मधाचा मार्शमॅलो : नाव, घटक आणि कृती

तिळापासून निघते ते तैल, आणि त्या शब्दापासून आपले 'तेल' आले. पण आज शेंगदाण्याचे, करडईचे, सरकीचे, इतकेच काय पण जमिनीतून निघणारे खनिज तेलही आपण निःशंकपणे 'तेल'च म्हणतो, आणि खास तिळाचे हवे असेल तर 'तिळाचे तेल' असे द्विरुक्तीचे नाव घ्यावे लागते. 'शाई' या शब्दाच्या मुळाशी काळा या अर्थाचा 'सियाह' हा फारसी शब्द आहे. तरी 'तांबडी शाई' म्हणताना कोणालाही विसंगती जाणवत नाही. घटक निघून जातो, गुण बदलतो, नाव मात्र टिकते. अर्थविस्ताराची ही उदाहरणे आता पाठ्यपुस्तकी झाली आहेत. प्रस्तुत लेखात याच वर्गातील, परंतु अधिक गुंतागुंतीचे असे एक उदाहरण घ्यावयाचे आहे. ते म्हणजे 'मार्शमॅलो' हे मिठाईचे नाव. या नावातील मूळ घटक वनस्पतिजन्य होता. तो गेला आणि त्याची जागा प्राणिजन्य घटकाने घेतली. नाव मात्र अजून वनस्पतीचेच आहे. ही अदलाबदल नेमकी कशी शक्य झाली, हे कोश चाळून पुरते कळत नाही. पदार्थ करून पाहिल्यावर कळते. म्हणून लेखाचा बराचसा भाग कृतीला दिला आहे, आणि ती कृती साखरेऐवजी मधाची निवडली आहे. मधाचीच का, ते ओघात येईल.

प्रथम शब्दाविषयी. 'मार्श' म्हणजे दलदल आणि 'मॅलो' हे एका वनस्पतीचे नाव. हा जोडशब्द जुन्या इंग्रजीतही आढळतो, म्हणजे तो मिठाईहून कित्येक शतके जुना आहे. त्यातील 'मॅलो' लॅटिन 'माल्वा'पासून आलेला. ही वनस्पती युरोपात आणि पश्चिम आशियात खाऱ्या, पाणथळ जागी वाढते. तिचे शास्त्रीय नाव अल्थिआ ऑफिसिनॅलिस; यातील पहिले पद 'बरे करणे' या अर्थाच्या ग्रीक धातूशी संबद्ध आहे, आणि दुसरे पद वनस्पतीचा औषधी उपयोग सुचविते. तिचे कुल मात्र आपल्या चांगलेच परिचयाचे आहे. भेंडी, जास्वंद, अंबाडी आणि कापूस ही सर्व त्याच कुलातील. भेंडी चिरताना सुरीला जी बुळबुळीत तार लागते, त्याच जातीचा चिकट द्रव मार्शमॅलोच्या मुळात भरपूर असतो. घसा खवखवणे, कोरडा खोकला यांवर हे मूळ वापरीत. युनानी वैद्यकात या वनस्पतीला 'खत्मी' म्हणतात. तिच्या मुळ्या 'रेशा खत्मी' या नावाने काष्ठौषधींच्या दुकानांतून आजही मिळतात. म्हणजे नाव परके वाटले तरी वस्तू आपल्या बाजारात अपरिचित नाही.

फ्रेंचमध्ये या वनस्पतीला 'गिमोव' म्हणतात आणि स्पॅनिशमध्ये 'माल्वाविस्को'. या दोन्ही नावांत एक गंमत आहे. लॅटिनमध्ये या वनस्पतीला 'हिबिस्कुम' असा दुसरा, ग्रीकवरून आलेला शब्द होता. फ्रेंचने 'हिबिस्कुम'चा झिजलेला अवशेष आधी घेतला आणि त्याला 'मोव' म्हणजे माल्वा जोडले. स्पॅनिशने 'माल्वा' आधी ठेवून मग 'हिबिस्कुम' जोडले. एकाच वस्तूची दोन नावे एकमेकांना चिकटवून नवे नाव तयार करण्याची ही रीत आपल्या 'पावरोटी'सारखीच म्हणावयाची. त्यातही पोर्तुगीज 'पाव' आणि आपली 'रोटी' शेजारी बसलेल्या आहेत. ओघाने आणखी एक नोंद करावीशी वाटते. १८५६ साली विल्यम पर्किन यांनी जो जांभळट कृत्रिम रंग शोधला, त्याला पुढे 'मोव' हे नाव मिळाले, ते याच फुलांच्या रंगावरून.

आता मिठाईकडे वळू. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधील मिठाईकार या मुळाचा चिकट रस, साखर आणि अंड्याचे पांढरे एकत्र फेटून एक हलकी वडी करीत. ती अर्धी मिठाई आणि अर्धे औषध होती. घशासाठी म्हणून ती खपत असे. मुळाचा रस काढणे कष्टाचे, शिवाय त्याला विशिष्ट वास येई. त्यामुळे आधी बाभळीच्या जातीच्या झाडांचा डिंक आणि पुढे जिलेटिन त्या जागी आले. एकोणिसावे शतक संपण्यापूर्वीच व्यापारी मार्शमॅलोतून मूळ जवळजवळ नाहीसे झाले होते. पुढे १९५० च्या दशकात अमेरिकेत अलेक्स डूमाक यांनी नळीतून सलग दोरासारखा मार्शमॅलो काढून त्याचे तुकडे पाडण्याची यंत्रपद्धती आणली, आणि आज पिशवीत मिळणारा लांबट गोल तुकडा रूढ झाला. प्राचीन मिसरमध्ये राजांसाठी मधात घोळवून हीच मिठाई करीत, अशी हकीकत पुष्कळ ठिकाणी छापलेली आढळते; सांगणारे तिला आधार मात्र देत नाहीत, म्हणून ती येथे विचारात घेतलेली नाही.

मूळ गेले, डिंक आला. डिंक गेला, जिलेटिन आले. तरीही पदार्थ तोच राहिला असे लोक मानतात, ते कशाच्या बळावर? याचे उत्तर असे की या पदार्थाची ओळख घटकात नसून रचनेत आहे. मार्शमॅलो म्हणजे गोठविलेला फेस. साखरेच्या घट्ट पाकात हवेचे असंख्य सूक्ष्म बुडबुडे कोंडावयाचे आणि ते फुटण्यापूर्वी त्यांच्या भिंती स्थिर करावयाच्या, एवढेच त्याचे रहस्य आहे. जे द्रव्य भिंती धरून ठेवील ते चालेल. इतर भाषांनी हे अधिक अचूक टिपले आहे असे म्हणावयास हरकत नाही. स्पेनमध्ये या मिठाईला 'नुबे' म्हणजे ढग म्हणतात. रशियन भाषेत फळाचा गर, अंड्याचे पांढरे आणि आगर यांच्यापासून केलेल्या अशाच मिठाईचे नाव 'झेफिर' आहे. ते ग्रीक पुराणातील पश्चिम वाऱ्याचे नाव. आपल्याकडचा बत्तासा हादेखील हवा कोंडलेल्या साखरेचाच प्रकार, आणि त्याचे नाव हिंदीतील 'बतास' म्हणजे वारा याच्याशी जोडले जाते. रशियातील आणि हिंदुस्थानातील हलवायांना परस्परांची वार्ता नसताना दोघांनाही वारा आठवावा, हे नामकरणाच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. जर्मन लोकांनी मात्र या मिठाईला 'उंदराची चरबी' अशा अर्थाचे एक नाव दिले आहे. त्याला मी काव्य म्हणणार नाही, पण स्पर्शाचे वर्णन म्हणून ते खोटे नाही.

घरी करावयाचे झाल्यास साहित्य थोडे लागते. मध ३४० ग्रॅम, म्हणजे मापाने सुमारे २४० मिलिलिटर, पाणी १२० मिलिलिटर दोन वेळा, चव नसलेली जिलेटिनची भुकटी २५ ग्रॅम, चिमूटभर मीठ, आणि शेवटी घोळविण्यासाठी आरारूट किंवा कॉर्नफ्लोअर. वीस सेंटिमीटर लांबीरुंदीच्या ताटलीला तेलाचा हात लावून कागद अंथरून ठेवावा. हे आधीच करून ठेवणे अगत्याचे आहे, कारण फेस तयार झाला की तो थांबत नाही.

जिलेटिन १२० मिलिलिटर थंड पाण्यावर सर्वत्र भुरभुरावे आणि दहा मिनिटे तसेच ठेवावे. कण पाणी पिऊन फुगतात. ते एकदम गरम द्रवात टाकले तर बाहेरचा थर आधी विरघळून चिकट होतो, आत पाणी शिरू देत नाही, आणि गुठळ्या राहतात. जाड बुडाच्या, उंच कडांच्या पातेल्यात मध, मीठ आणि उरलेले १२० मिलिलिटर पाणी घालून मध्यम आचेवर ठेवावे. पातेले उंच सांगितले ते उगाच नव्हे. मध उकळताना साखरेच्या पाकापेक्षा कितीतरी अधिक फसफसून वर येतो, आणि अंगावर उडालेला पाक उकळत्या पाण्यापेक्षा फार वाईट भाजतो. मुलांना या टप्प्यावर शेगडीजवळ येऊ देऊ नये.

पाक ११५ अंश सेल्सियसपर्यंत न्यावयाचा. तापमापक नसल्यास वाटीतील थंड पाण्यात थेंब टाकून पाहावा. बोटांत धरता येईल अशी मऊ गोळी वळली म्हणजे झाले. याला आपल्या स्वयंपाकघरात 'गोळीबंद पाक' असे सुटसुटीत नाव आहे, आणि इंग्रजीतही या अवस्थेचे नाव मऊ गोळीवरूनच पडलेले आहे. एकतारी, दोनतारी, गोळीबंद ही मराठी परिभाषा तापमापकाहून एका बाबतीत सरस ठरते. समुद्रसपाटीपासून जसजसे उंच जावे, तसतसा पाण्याचा उत्कलनबिंदू दर तीनशे मीटरना सुमारे एक अंशाने उतरतो, आणि पाकाच्या अवस्थेचे तापमानही तितकेच उतरते. पुण्यात ही वजाबाकी सुमारे दोन अंशांची आणि महाबळेश्वरी साडेचार अंशांच्या आसपास होते. पुस्तकातील ११५ हा आकडा महाबळेश्वरी जसाच्या तसा पाळला तर पाक प्रमाणाबाहेर आटेल. गोळी मात्र सर्वत्र सारखीच वळते.

मधाची निवड का केली, ते येथे सांगणे सोयीचे होईल. नेहमीच्या मार्शमॅलोत साखरेबरोबर मक्याचा किंवा ग्लुकोजचा दाट रस घालावा लागतो. तो नसेल तर साखरेचे पुन्हा स्फटिक बनतात आणि वडी रवाळ होते. मधमाशीने हे काम आधीच उरकलेले असते. फुलांच्या रसातील साखर तिच्या पाचकद्रव्याने फोडली जाते, आणि मधात मुख्यतः फ्रुक्टोज व ग्लुकोज अशा दोन साध्या शर्करा उरतात. परिणामी मधाचा पाक एकटा घेतला तरी रवाळ होत नाही. साखर आणि दाट रस या दोहोंची जागा एकच पदार्थ घेतो. घटकांची यादी आखूड होते, आणि कोणता घटक कोणते कार्य करतो हे अभ्यासकाला उघड दिसते. याचे मोल असे द्यावे लागते की फ्रुक्टोज हवेतील ओलावा ओढून घेते. त्यामुळे मधाचे मार्शमॅलो पावसाळ्यात चटकन ओलसर होतात. आषाढ-श्रावणात कोकणात ते करण्याचा हट्ट धरू नये.

पाक झाला की आचेवरून उतरवून फसफस बसू द्यावी, आणि फुगलेल्या जिलेटिनवर बारीक धारेने ओतीत बीटर संथ गतीने चालू ठेवावा. सर्व पाक मिसळल्यावर वेग वाढवावा आणि दहा ते पंधरा मिनिटे फेटावे. हाताच्या रवीने हे होणार नाही असे नाही, पण दोन माणसे आळीपाळीने लागतील. आरंभी मिश्रण तपकिरी व पातळ असते. मग ते गढूळ होते, फिकट होते, आणि शेवटी हस्तिदंती रंगाचे, दुपटीतिपटीने फुगलेले, बीटर उचलताच सावकाश ओघळणारे असे दिसू लागते. रंग घालविणारे द्रव्य यात काहीच पडलेले नाही. असंख्य बुडबुड्यांवरून प्रकाश विखुरला जातो म्हणून तपकिरी मध पांढरा दिसतो. समुद्राच्या लाटेचा फेस ज्या कारणाने पांढरा, त्याच कारणाने. या पंधरा मिनिटांत जिलेटिन दोन कामे करते. फेटताना ते बुडबुड्यांभोवती पातळ पापुद्रा धरते, आणि निवू लागल्यावर त्या पापुद्र्यांचे जाळे गोठविते. पहिले काम अंड्याचे पांढरे करू शकते आणि दुसरे आगर करू शकते. दोन्ही कामे एकट्याने करणारे द्रव्य विरळा, आणि जिलेटिनचा एवढा प्रसार झाला तो यामुळेच.

तयार फेस ताटलीत ओतून, तेल लावलेल्या उलथण्याने सारखा करून, निदान सहा तास, शक्यतो रात्रभर, झाकून ठेवावा. नंतर आरारूट भुरभुरून तेल लावलेल्या सुरीने तुकडे करावेत आणि प्रत्येक कापलेली बाजू पुन्हा आरारुटात घोळवावी. घरच्या वडीत बाजारच्या मालापेक्षा पाणी अधिक राहते. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून आठवडाभरात संपविणे श्रेयस्कर. चवीविषयी एवढेच सांगतो की मधाची जात येथे लपत नाही. महाबळेश्वर परिसरातील जांभळाचा किंचित कडवट मध, किंवा कारवीला सात-आठ वर्षांनी एकदा येणाऱ्या बहराचा गडद मध घेतला तर वडीला त्या त्या फुलाची चव येते. जी मंडळी मार्शमॅलो निव्वळ गोड म्हणून नापसंत करतात, त्यांनी जांभळाच्या मधाचा करून पाहावा.

आता नावाच्या प्रश्नाकडे परत येऊ. वर्गात या शब्दाची फोड करून दाखविली असता एका शाकाहारी विद्यार्थिनीने, "म्हणजे सर, हा वनस्पतीचाच पदार्थ ना?" असे विचारले. प्रश्न व्युत्पत्तीच्या दृष्टीने बिनचूक होता आणि व्यवहाराच्या दृष्टीने धोक्याचा. जिलेटिन हे जनावरांच्या, क्वचित माशांच्या, कातडीतून आणि हाडांतून काढतात. आपला सुताराचा सरसही त्याच प्रकारे होतो. जिलेटिन ही सरसाचीच शुद्ध केलेली बहीण होय. 'शाई'चा रंग बदलला तरी लिहिणाऱ्याचे काही बिघडत नाही. येथे मात्र बदललेला घटक हिंदूच्या, मुसलमानाच्या, जैनाच्या, ज्याच्या त्याच्या आचाराशी भिडतो, आणि नाव त्याला सावध करीत नाही. वेष्टनावरील तपकिरी खूण ते काम करते. घरी केलेल्या वडीवर ती खूणही नसते, म्हणून देणाऱ्याने तोंडाने सांगितले पाहिजे. जिलेटिन काढून टाकले म्हणजे प्रश्न संपला असेही नाही, कारण जैन आचारात मधही वर्ज्य आहे. 'मधाचा' हे विशेषण आपण शुद्धतेची ग्वाही म्हणून लावतो. काही घरांत तेच विशेषण नकाराचे कारण ठरते.

मधाविषयी आणखी दोन गोष्टी स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. चरकसंहितेत तापविलेला मध निषिद्ध मानला आहे, आणि या कृतीत मध चांगलाच तापतो. आयुर्वेदाची ही मर्यादा पाळणाऱ्याने साखरेचीच कृती करावी. मध शेवटी थंड घालून हा पदार्थ साधत नाही. आधुनिक रसायनशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर तापल्याने मधातील पाचकद्रव्ये नष्ट होतात आणि हायड्रॉक्सिमिथिलफरफ्युराल नावाचे द्रव्य वाढते. मध जुना किंवा तापविलेला आहे काय, हे ओळखण्यास प्रयोगशाळेत त्याचेच प्रमाण मोजतात. तेव्हा हा मार्शमॅलो 'औषधी' म्हणून मिरविण्यात अर्थ नाही. तो चांगल्या चवीची मिठाई आहे, आणि तेवढे पुरे. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. मधात बोट्युलिझम या रोगाच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, आणि गोळीबंद पाकाची उष्णता ते खात्रीने मारीत नाही. एक वर्षाच्या आतील मुलाला मधाचा कोणताही पदार्थ देऊ नये. त्याहून मोठ्या पण लहान मुलांनाही ही चिकट वडी बारीक तुकडे करूनच द्यावी, कारण ती घशात अडकू शकते.

जिलेटिनऐवजी आगर, म्हणजे बाजारात 'चायना ग्रास' म्हणून मिळणारे समुद्रशेवाळाचे द्रव्य, वापरता येईल काय? येईल, पण पदार्थ बदलेल. जिलेटिन सुमारे ३० ते ३५ अंशांना वितळते, म्हणजे जिभेवर ठेवताच. याच कारणाने वैशाखात विदर्भात ते ताटलीत उभेच राहात नाही. आगर एकदा गोठले की सुमारे ८५ अंशांपर्यंत वितळत नाही. ते उन्हाळ्यात टिकते, पण तोंडात विरघळत नाही, दातांखाली तुटते. शिवाय त्याला फेस धरता येत नाही, म्हणून अंड्याचे पांढरे किंवा काबुली चणे शिजविलेले दाट पाणी वेगळे फेटून त्यात मधाचा व आगराचा उकळता पाक ओतावा लागतो, आणि आगर लवकर गोठत असल्याने हात चपळ लागतो. या पदार्थाला मार्शमॅलो म्हणावे काय? रचना तीच आहे, फेस तोच आहे. डिंकाच्या वडीला ज्या न्यायाने ते नाव लागले, त्याच न्यायाने यालाही लागते. मराठीत फेस या अर्थाच्या 'फेन'वरून 'मधफेनी' असा शब्द घडविण्याचा मोह कोणास होईल. पण 'फेणी' आपल्याकडे आधीच सुतरफेणीत, तांदळाच्या फेणीत आणि गोव्याच्या मद्यात वाटली गेली आहे. चौथा वाटेकरी नको. 'मार्शमॅलो' हाच शब्द ठेवावा, आणि कोशात त्याचा अर्थ देताना वनस्पतीचे नाव पहिल्या क्रमांकावर, मिठाई दुसऱ्या क्रमांकावर देऊन, मिठाईपुढे 'बहुधा प्राणिजन्य जिलेटिनयुक्त' हे तीन शब्द न विसरता छापावेत. 'मार्शमेलो' असे लेखनही दिसते. तो अमेरिकन उच्चाराचा परिणाम आहे. 'ॅ' ही खूण मराठीला उपलब्ध असताना ती टाळण्याचे कारण दिसत नाही.

ज्यांना नाव शब्दशः खरे करावयाचे आहे, त्यांनी रेशा खत्मीचे दोन चमचे तुकडे एक वाटी थंड पाण्यात रात्रभर भिजत घालावेत. उकळू नयेत, मुळातील पिष्ट उतरू न देता चिकट रस तेवढा काढावयाचा तर थंड पाणीच योग्य. सकाळी ते पाणी दाटसर, किंचित पिवळट दिसते आणि त्याला मातीसारखा मंद वास येतो. ते फडक्यातून गाळून, वरील कृतीत जिलेटिन फुगविण्याच्या १२० मिलिलिटर पाण्याऐवजी वापरावे. वडीला मुळाची चव येते. फेस मात्र तेवढ्या रसावर उभा राहात नाही. जिलेटिन घालावेच लागते.